वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही

"मग, केव्हा निघताय?" असं रखवालदाराने विचारलं, तेव्हा तिच्या एका हातात भाजीची पिशवी होती, दुसऱ्या हातात औषधांची, आणि घराची किल्ली दातांत धरलेली होती. किल्ली दातांत धरलेल्या बाईला हा प्रश्न विचारू नये, एवढं तरी माणसाला कळायला हवं. सुट्टीवर आलेल्यांच्या किल्ल्या अशा नसतात. त्यांच्या किल्लीला लाकडाचा मोठा गट्टू असतो, त्यावर खोलीचा नंबर असतो, आणि बाहेर जाताना ती कुणाच्या तरी टेबलावर ठेवून माणूस मोकळा होतो. पण रखवालदाराचं किल्लीकडे लक्षच नव्हतं. तो लिफ्टच्या बटणांभोवतीची पट्टी फडक्याने पुसत होता आणि नात्यातल्या माणसाने विचारावं तितक्या प्रेमाने विचारत होता. रविवारी लिफ्ट बंद करणार, म्हणाला, आता थंडी संपेपर्यंत. बॅगा त्याआधी उतरवून घ्या, नंतर चार मजले वाहून आणाव्या लागतील. तिने पिशव्या खाली ठेवल्या, किल्ली तोंडातून काढली, आणि या गावाची भाषा तिला जेवढी येत होती तेवढीत म्हणाली, "आम्ही जात नाही. आम्ही इथे राहतो." तो हसला. वाईट हसला असता तर बरं झालं असतं, पण तो छान हसला. "माहीत आहे ना! दरवर्षी तुमची सुट्टी जरा लांबतेच." मग तिने नवऱ्याचं आजारपण सांगितलं, छातीवर हात ठेवून दाखवलं, जिन्याकडे बोट करून मान हलवली. त्याने मन लावून ऐकलं. लिफ्ट थंडीत चालवायची ती राहणाऱ्या लोकांसाठी, असा इमारतीचा नियम आहे, म्हणाला, आणि वरच्या मजल्यावर तर कोणी राहत नाही.

हे तो तिच्या तोंडावर म्हणाला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला म्हणाला. आणि वर तिच्या दोन्ही पिशव्या उचलून लिफ्टमध्ये ठेवून दिल्या, म्हणजे रागावायचीही सोय ठेवली नाही.

लिफ्ट वर जाऊ लागली तशी ती आरशात बघत राहिली. डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात दोरीला अडकवलेला गॉगल, पायांत पांढरे बूट. कुणीही म्हणेल की बाई चार दिवस हवा खायला आली आहे. टोपी उन्हासाठी होती, गॉगल मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेला, बूट टाचदुखीसाठी. म्हातारपण आणि सुट्टी दोन्हींचे कपडे एकच असतात, ही गोष्ट तिला कुणी आधी सांगितली नव्हती. तिला हसू आलं आणि लगेच संतापही आला. आयुष्यभर ती एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसली होती. समोर जाळी, जाळीला एक अर्धगोल भोक, आणि त्या भोकातून येणारे चेहरे. गाडी केव्हा सुटते? गाडी कुठे लागते? गाडी गेली का हो? सगळं जग जाणारं होतं आणि ती एकटी बसलेली होती. लग्न होऊन आली तेव्हाही त्याच खिडकीत, पोटात पोरगी असतानाही त्याच खिडकीत, सासरे गेले त्यांच्या तेराव्यानंतर पुन्हा त्याच खिडकीत. कुठेही न गेलेली बाई म्हणून तिचा लौकिक होता. आणि आता उतारवयात पहिल्यांदाच एका जागी मनापासून बूड टेकलं, तर जो तो खिडकीतून डोकावल्यासारखा विचारतो, केव्हा निघताय. कुणाला काय ऐकवावं? तिला वाटलं, जाळी मध्ये असती तर बरं झालं असतं, निदान खाडकन खिडकी लावून घेता आली असती.

नवरा खिडकीशी बसला होता. उन्हाळ्यात त्याचं हृदय एकदा रुसून बसलं, तेव्हापासून तो खुर्चीत बसतानाही परवानगी मागितल्यासारखा बसायचा. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. रोज मोकळ्या हवेत चालायचं, आणि जिना अजिबात चढायचा नाही. या दोन गोष्टींच्या मध्ये ती लिफ्ट होती. लिफ्ट बंद म्हणजे चालणं बंद, आणि चालणं बंद म्हणजे काय, ते डॉक्टरांनी तोंडाने सांगितलं नव्हतं, नुसतं चष्म्यावरून बघितलं होतं. मागच्या हिवाळ्यांत लिफ्ट बंद व्हायची तेव्हा दोघं मजेत जिना चढायची. तेवढाच व्यायाम, म्हणायची. तेव्हाच तक्रार केली असती तर! पण तक्रार हा शब्द तिच्या नवऱ्याच्या कोशात नव्हता. त्याच्या कोशात एकच शब्द होता, जाऊ दे. दूधवाला पाणी घालतो, जाऊ दे. भावाने जमिनीत हात मारला, जाऊ दे. आताही तिने पिशव्या ओट्यावर आपटत सगळं सांगितलं तेव्हा त्याने खिडकीबाहेर बघत म्हटलं, "अगं, जाऊ दे. मी बसेन इथेच. इथून समुद्र दिसतो की."

"समुद्र तुम्हाला चालवणार आहे का?" ती म्हणाली.

तो बोलणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी ती ओट्याशी भाजी तशीच ठेवून वाट बघत उभी राहिली. त्याचा दोष तरी काय? जन्मभर पंपांचे सुटे भाग विकत गावोगाव फिरलेला माणूस. लोकांच्या गेस्ट हाउसांत राहून राहून त्याच्या अंगात पाहुणेपण मुरलं होतं. स्वतःच्या घरातसुद्धा आंघोळ झाली की टॉवेलची घडी घालून ठेवायचा, उशी थापटून सरळ करायचा, जणू आत्ता कुणीतरी येऊन खोली ताब्यात घेणार आहे. या गावातही तो एकदा कामासाठी म्हणून दोन दिवस येऊन गेला होता, आणि पुढे कित्येक वर्षं रात्री झोपताना सांगायचा, एक गाव आहे, तिथे जाऊन बसायचं आहे मला. जायचं आहे म्हणायचा नाही, बसायचं आहे म्हणायचा. तिने त्या एका शब्दावर सगळं सोडलं. तिकडचं घर विकलं, भांडी वाटून टाकली, आणि माणसं या वयात देवदर्शनाला निघतात तशी ती इकडे निघाली. इथे आल्यावर त्याने बॅगेतून चांगले कपडे बाहेर काढले. रोज संध्याकाळी इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, आणि किनाऱ्यावरून शेवटापर्यंत फेरी. तिला त्याचा अभिमान वाटायचा. बऱ्याच दिवसांनी तिच्या लक्षात आलं की गावातली माणसं किनाऱ्यावर फिरतच नाहीत. ती बाकांवर बसतात, पण उलटी, समुद्राकडे पाठ करून, रस्त्यावरून कोण आलं कोण गेलं ते बघत. समुद्राकडे तोंड करून बसतात ते सगळे परके. आणि ही दोघं तर समुद्राला जणू नमस्कार घालायलाच जात होती, तेही इस्त्री करून.

दुपारी बहिणीचा फोन आला. बहीण नेहमीच्या सुरात म्हणाली, "तुमचं काय बाई, बारा महिने सुट्टी! मजा आहे." रोजचंच वाक्य, पण आज ते तिला टोचलं. तिला आठवलं, भाचीच्या लग्नाला ती तिकडे गेली होती तेव्हा याच बहिणीने तिच्यासाठी नवा साबण फोडला होता आणि कपाटातला ठेवणीतला टॉवेल काढला होता. पाठच्या बहिणीने! जिच्याबरोबर एका पांघरुणात झोपून मारामाऱ्या केल्या, तिने हातात कोरा टॉवेल ठेवून विचारलं होतं, "मग, परत केव्हा जायचं?" म्हणजे तिकडे विचारतात परत केव्हा जायचं आणि इकडे विचारतात परत केव्हा जायचं. मग ती राहते कुठे? विमानात? आपण मधल्यामध्ये हवेतच कुठेतरी राहतो आणि दोन्हीकडची माणसं आपल्याला हात हलवून निरोप देताहेत असं तिला वाटलं. "मजा नाही आहे," ती फोनवर म्हणाली, "इथे घर आहे माझं. केर काढते, भांडी घासते, नवऱ्याला गोळ्या देते. तुझ्याइतकीच मजा आहे." बहीण म्हणाली, "अगं, चिडतेस काय?" चिडतेस काय म्हणजे काय? चिडू नको तर काय ओवाळू?

त्याच तिरीमिरीत ती जिन्याने खाली उतरली. दुसऱ्या मजल्यावर शिंपीण राहायची. तिचं दार दिवसभर उघडं असायचं आणि आतून शिलाई मशीनचा आवाज यायचा. गावात तिच्याशी चार शब्द बोलणारी ही एकच बाई होती, तीही ब्लाउज सैल करायच्या निमित्ताने ओळखीची झालेली. आज दाराबाहेर पत्र्याची बादली आणि लांब दांड्याचा ब्रश ठेवला होता. ती बादली तिने चार वर्षं पाहिली होती. कधी या दारात, कधी त्या दारात. कुणाची तरी असेल, म्हणून तिने कधी विचारलं नव्हतं. तिने शिंपिणीला लिफ्टचं सांगितलं. शिंपिणीने तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि म्हणाली, "पण रखवालदार तरी काय करणार? तुमच्याकडे बादली येत नाही ना."

मग शिंपिणीनेच समजावून सांगितलं. लहान मुलाला सांगावं तसं, सावकाश. बादली दारोदार फिरते. ज्याच्या दारात बादली, त्याने त्या आठवड्यात जिना धुवायचा, आणि धुऊन झाला की पुढच्या दारात ठेवायची. ज्यांच्या दारात बादली येते ते राहणारे. बाकीचे सुट्टीवाले. यात लिहिण्याबिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांना ठाऊकच असतं.

हे ऐकताना तिचा चेहरा तापला. कारण तिला पहिल्या वर्षीची एक संध्याकाळ आठवली. तिसऱ्या मजल्यावर तेव्हा एक कुटुंब राहायचं, पुढे ते दुसरीकडे गेलं. त्यांची पोरगी बादली घेऊन चौथ्या मजल्यावर आली होती, हिला दारात बघून थबकली होती, आणि रखवालदाराने खालून काहीतरी ओरडल्यावर मान खाली घालून परत गेली होती. तेव्हा तिने घरात येऊन नवऱ्याला कौतुकाने सांगितलं होतं, "बघा हो, म्हाताऱ्या माणसांना काम लावत नाहीत. किती मान ठेवतात!" आणि नवरा भारावून म्हणाला होता, "संस्कार आहेत गं." मग त्या संस्कारांची परतफेड म्हणून तो दर मोसमाच्या शेवटी रखवालदाराच्या हातात पाकीट ठेवायला लागला. शिंपिणीला हे सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "पाकीट? पाकीट तर जाणारे देतात!" चार वर्षं! चार वर्षं दोघांनी मान समजून अपमान घरी आणला, वरून त्याचे पैसे मोजले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

तिने बादली उचलली. शिंपीण "अहो, अहो" करत उठली तोवर ती वर पोहोचली होती. चौथ्या मजल्यावरून तिने जिना धुवायला घेतला. पदर नव्हता तरी पदर खोचल्यासारखी कंबर कसली, टोपी काढून कठड्यावर टांगली आणि गुडघ्यांवर बसली. पाण्याचा, ओल्या दगडाचा वास आला. किती वर्षांनी! तिकडच्या घराच्या पायऱ्या ती अशाच धुवायची, कामावर जायच्या आधी, आणि सासू वरून म्हणायची, कोपरे राहिले. आता तिने कोपरे मुद्दाम काढले. गुडघे बोंब मारत होते, पण आत कुठेतरी एक जुनं, दांडगं सुख जागं झालं होतं. हा दगड मी धुते आहे. ज्याची घाण मी काढते तो दगड मला परका कसा? तळमजल्यावर पोहोचली तेव्हा तिचे केस सुटले होते आणि कपडे गुडघ्यापर्यंत भिजले होते. रखवालदार धावत आला. त्याने तिच्या हातातून ब्रश काढून घेतला, अगदी हळुवार. "अहो, पाहुण्यांनी कशाला? शिंपीणबाईंनी सांगितलं का तुम्हाला? मी बोलतो तिच्याशी." मग डोळे मिचकावून म्हणाला, "तुम्हा लोकांना इथलं सगळंच करून बघायचं असतं. मागे एकांनी माझ्याकडून वल्ही मारायला शिकून घेतलं."

म्हणजे हीसुद्धा गंमत झाली. जिना धुतला तरी गंमत, मेलो तरी गंमतच म्हणतील. सुट्टीत मेले बिचारे, म्हणतील. त्या रात्री तिला राग आला होता तो रखवालदाराचा नव्हता. तो आपल्या नम्रपणाचा होता. चार वर्षं दुकानांत हसून हसून तिचे गाल दुखले होते. कुणी मोडक्या इंग्रजीत बोललं की ती गावाची भाषा येत असूनही मोडक्या इंग्रजीत उत्तर द्यायची, उगाच समोरच्याला वाईट वाटायला नको. बेकरीवाला प्रवासात टिकेल असा पाव बांधून द्यायचा आणि ती तो घ्यायची. मूग गिळून पाव खाल्ला चार वर्षं. चौकशीच्या खिडकीतली बाई अशी नव्हती. तिच्या आवाजाने हमाल सरळ व्हायचे. ती बाई गेली कुठे? तिला निवृत्तीबरोबर घड्याळ आणि शाल मिळाली, आणि त्या बदल्यात आवाज काढून घेतला की काय कुणी?

रविवारी सकाळी तिने स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली. नवरा खिडकीशी चहा पीत होता. "कुठे?" त्याने विचारलं. "लिफ्टमध्ये बसायला. आत माणूस असलं की त्यांना वीज तोडता येत नाही." तो घाबरला. कप बशीत ठेवताना वाजला. "अगं, लोक काय म्हणतील? आपण परक्या मुलखात... जाऊ दे ना." ती दारात थांबली. इतकी वर्षं त्या शब्दाशी संसार केला होता. "नाही जाऊ देणार," ती म्हणाली. "आणि परका मुलूख म्हणू नका. आपल्याला आता दुसरा नाहीये." तिने दार ओढून घेतलं. ओढताना जरा जोरातच ओढलं गेलं.

लिफ्ट जुनी होती, चार माणसांची, आत पिवळा दिवा आणि तेलाचा वास. खाली येऊन तिने खुर्ची मधोमध मांडली, पाठ आरशाकडे, तोंड दाराकडे, आणि शेंगांचं टोपलं मांडीवर घेऊन सोलायला बसली. रखवालदार विजेच्या पेटीची चावी घेऊन आला. त्याला आधी कळेना. दार बंद होऊ लागलं तसा त्याने पाय मध्ये घातला. "चला बाई, बाहेर या. बंद करायचं आहे." "करा," ती म्हणाली. "मी आत आहे." "तुम्ही आत असताना कशी करू?" "म्हणूनच आहे." त्याने हसून पाहिलं, विनवून पाहिलं. शेंगा सुकायला लागल्या आहेत का, तेही विचारून पाहिलं. शिंपीण खाली आली, पहिल्या मजल्यावरचा निवृत्त शिक्षक आला, त्याच्या बायकोने जिन्यातूनच मान काढली. शिक्षक म्हणाला, "दोन माणसांसाठी संपूर्ण हिवाळा लिफ्ट? बाई, तुम्हीच विचार करा." विचार तिने केला होता. "दोन माणसांसाठी," ती म्हणाली. "तुम्ही किती जण राहता?" शिक्षक बायकोकडे बघायला लागला. तीही दोघंच होती.

रखवालदाराचा आवाज मग पहिल्यांदा चढला. इतक्या वर्षांत तो तिच्यासमोर कधी चढला नव्हता, आणि तिला एकदम बरं वाटलं. पाहुण्यांवर कुणी असं ओरडत नाही. "अशी किती वेळ बसणार तुम्ही? जेवायला उठालच ना? झोपायला? संध्याकाळी उठालच!" त्याचा पाय अजून दारात होता. दार त्याच्या बुटाला टेकायचं, मागे सरकायचं, पुन्हा टेकायचं. तिने शेंग मोडली. दोन दाणे खाली सांडले, ते तिने उचलले नाहीत. खरंच उठावं लागणार होतं. नवऱ्याची दुपारची गोळी होती. बसणं सोपं होतं, पण एकटं माणूस किती बसेल? तिने पुढची शेंग उचलली. या माणसांसमोर रडायचं नाही. रडलं की पुन्हा पाणी आणतील, खांद्यावर हात ठेवतील, पाहुणी करून टाकतील.

तेवढ्यात बटणांच्या पट्टीवर सगळ्यात वरचा दिवा लागला.

रखवालदाराने दिव्याकडे पाहिलं. सवयीने, काही विचार न करता त्याने विचारलं, "वर कोण आहे?"

शिंपिणीने त्याच्याकडे पाहिलं, शिक्षकाने जमिनीकडे. आपण काय विचारलं ते त्याला हळूहळू कळलं असावं, कारण त्याचा चढलेला चेहरा एकदम साधा झाला.

"माझा नवरा आहे," ती म्हणाली. चौकशीच्या खिडकीतून यायचा तोच आवाज. "तो लिफ्टची वाट बघतोय. पाय काढा."

त्याने पाय काढला.

दार बंद झालं. पहिला मजला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. नवरा घाबरून बोलवायला आला असणार, जाऊ दे म्हणणार, आणि मग काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. चौथ्या मजल्यावर दार उघडलं. तो उभा होता, घरातल्या चुरगळलेल्या पायजम्यात, दाढी न केलेला, पायांत सपाता, गोळ्यांची डबी खिशातून डोकावत होती. आणि दोन्ही हातांनी, छाती सांभाळत, त्याने जेवणाच्या टेबलाची दुसरी खुर्ची पुढे धरली होती.

"सरक तिकडे," तो म्हणाला.